दोन हातांचा चहा

समोरच्या घरातल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात दारुडा ठरवलं, तेव्हा मी तिशीची होते आणि माझी अक्कल अजून पाळण्यात होती. आम्ही अंबरनाथजवळ हेंद्रेपाड्यात राहायचो. अंबरनाथच्या कारखान्याने त्यांना नवं मशीन शिकायला कोरियाला धाडलं होतं. परतल्यापासून ते चहाचा कप दोन्ही हातांनी घेत. मला वाटलं, हात थरथरतात, तिकडे प्यायला शिकले!

कोरियाला जायची पुढची पाळी त्याच कारखान्यातल्या आमच्या ह्यांची आली. जाणारा प्रत्येक जण काय न्यायचं ते त्या गृहस्थांनाच विचारायचा आणि ते दमल्या आवाजात तेच सांगायचे, "लोणचं नेऊ नका, तिकडे रोज लोणचंच असतं. वाटी रिकामी केलीत की परत भरतात."

मी ह्यांना जाऊच देईना. बढती हुकणार म्हणून ह्यांनी वैतागून माझा संशय त्यांच्या कानावर घातला. शिफ्ट सुटल्यावर ते आले. रागावले नाहीत. माझ्या हातचा कप त्यांनी तसाच दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "वहिनी, तिकडे मोठ्यांकडून एका हाताने घेत नाहीत, तीच सवय लागली. भाऊंना जाऊ द्या. फक्त त्यांना सांगा, पंगतीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने घास घेतल्याशिवाय जेवायला लागू नका. मी लागलो होतो. सगळी पंगत गप्प झाली आणि माझा घास तोंडातच राहिला."