अमेरिकेवाले वकीलसाहेब

चष्मा काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि समोर कोण बसलंय हे न बघताच विचारायचं, "सगळी माणसं जन्मतः सारखी, हे कोणी लिहिलं? सांगा!" पक्षकार बिचारा गांगरायचा. मग साहेबच टेबलावर थाप मारून सांगायचे, "एका वकिलानं! अमेरिकेच्या!"

म्हणून पांढरकवड्यात त्यांना अमेरिकेवाले वकीलसाहेब म्हणत. मी त्यांचा मुनशी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्या अमेरिकन वकिलाचं सगळं घराणं मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. बायको तरुणपणीच गेली, त्याने दुसरं लग्न केलं नाही, मुलींना जपलं. साहेबही विधुर, पदरात एक मुलगा. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, त्याच्या घरी गुलाम होते म्हणतात?"

"अरे, ते घरचं होतं. माणसाचं बाहेरचं काम बघावं."

मनाने मोठे होते, खोटं कशाला बोलू? छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा गावाने आमची विहीर बंद केली. वस्तीत सगळ्यांत पुढे माझे बाबा होते. साहेबांनी फुकट केस लढवली आणि जिंकली. निकालाच्या दिवशी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ढोरं ओढायला तुम्हाला कोणी बोलावणार नाही."

पुढे एका उन्हाळ्यात साहेबांच्याच अंगणात म्हैस मेली. मला म्हणाले, "बाबांना सांग, तिघंचौघं घेऊन या म्हणावं."

"साहेब, याच्यावरच त केस झालती ना?"

"ती गावाशी. मी काय गाव आहे? मी तर घरचा माणूस."

बाबा आले, पण एकटेच. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार हायेत. दुसरं कायबी सांगा, हे नोका सांगू. आज तुमची वढली, त उद्या गावाले कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

साहेब पाठ फिरवून आत गेले. नंतर कोर्टाच्या बाररूममध्ये भेटेल त्याला सांगत, "यांच्यासाठी एवढं केलं, जाण म्हणून नाही." माझ्यासमोर सांगत. मी फायली बांधत बसायचो आणि आतल्या आत जळायचो. नाही म्हणायचा हक्क आम्हाला त्यांनीच मिळवून दिला, आणि आमचं नाही त्यांनाच अखेरपर्यंत पचलं नाही.

काही वर्षांनी साहेब गेले. बातमी कळताच बाबा गावाहून पायी आले. "मानूस मोठा होता बापू. खांदा देतो," मला म्हणाले. तिरडी उचलली, बाबा पुढे झाले. साहेबांच्या मुलाने त्यांच्या छातीवर हात आडवा धरला. "तुम्ही मागं राहा. नातेवाईक काय म्हणतील?"

बाबा मागे सरले. "म्हशीपाशी त मलेच बलावलं होतं," एवढंच मला म्हणाले, आणि टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागून मसणापर्यंत चालत राहिले.