अनिकेतचा सिनेमा, अल हैलमध्ये

मस्कतला मी हौसेने गेले नव्हते. भावोजींचा फोन आला होता, "अनिकेतने सिनेमाची लिंक पाठवून दोन महिने झाले. एकट्याने बघवणार नाही. तू ये." अनिकेत माझा भाचा, अमेरिकेत शिकला, तिथेच सिनेमे करतो. त्याची आई, माझी ताई, तीन वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या घरी वारली. "त्याची परीक्षा होऊ दे, मग आजारपणाचं सांगू," असं भावोजी म्हणाले आणि मीही मान डोलावली. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

विमानतळावर बॅग उघडली तर आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली फुटून कपडे लालभडक. वेंधळी ती वेंधळीच! भावोजी चिडवतील असं वाटलं, पण ते नुसतं "असू दे" म्हणाले.

वाटेत मत्रहला, मस्कतच्या जुन्या बाजारपेठेत थांबलो. एका बाजूला बंदर, मागे उघडेबोडके काळपट डोंगर. बाजारात ताईच्या ओळखीचा म्हातारा ओमानी दुकानदार भेटला. "बैठो, गहवा पियो," म्हणत त्याने गहवा (वेलचीची कोरी कॉफी) आणि खजूर पुढे केले. मग भावोजींना विचारलं, "मॅडम बहुत दिन नहीं आया?"

"इंडिया में है," भावोजी म्हणाले.

मी खाली मान घालून खजूर खात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भावोजींच्या अल हैलच्या घरात पडदे ओढून आम्ही सिनेमा लावला. अमेरिकेतलं एकाच रस्त्याचं खेडं, बंद पडलेला पेट्रोल पंप, धान्याची रिकामी कोठारं. आपलं माणूस औषधालाही नाही. शेतकऱ्याची बायको आजारी आहे आणि तो शहरातल्या मुलाला फोनवर सांगतोय, इकडे सगळं ठीक आहे. एकदा फोन तिची बहीण उचलते आणि म्हणते, "झोपलीये ती."

हे माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझं. मला पळून जावंसं वाटलं.

शेवटी मुलगा मावशीला विचारतो, तिने माझी आठवण काढली का? मावशी खिडकीबाहेर बघते आणि सिनेमा संपतो.

भावोजींनी लगेच अनिकेतला फोन लावला. "पाहिला रे. चांगलाय," एवढंच बोलून तो माझ्या हातात दिला.

"मावशी," अनिकेत म्हणाला, "आई मला बोलवायची?"

भावोजी मानेने नको नको म्हणत होते.

"रोज," मी म्हणाले.

"मग तू काय सांगायचीस?"

"तू निघालायस म्हणून. विमानाला उशीर झालाय म्हणून."

पलीकडे तो रडत होता. मीही रडले. भावोजी उठून आत गेले आणि उरलेले तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. विमानतळावर सोडताना मात्र म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. तुझ्यावर ढकललं."

प्रवासातून परतल्यावर माणूस कौतुकं सांगतो. मीही समुद्राचं, खजुरांचं सांगितलं. आपल्या माणसांना दुःख होऊ नये म्हणून आपण केवढं खोटं बोलतो, आणि त्यालाच माया म्हणतो!

घरी माझ्या आईने विचारलं, "जावई कसे आहेत गं?"

'मजेत' अगदी ओठांवर आलं होतं.

"बरे नाहीत, आई," मी म्हणाले. "फार एकटे पडलेत."