पाटावरचं लायसन

डिचोलीच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत सॉफ्टवेअरचं लायसन जपणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. बाकी सगळे म्हणतात, 'घाल रे काय ते फुकटचं', आणि मीही घालून मोकळा होतो. ते एक गिऱ्हाईक म्हणजे मला तिसरीत शिकवणाऱ्या मुळगावच्या बाई.

निवृत्त झाल्यावर बाईंनी धालोची गाणी टाइप करायला घेतली. पौषात गावच्या मांडावर, त्यासाठी राखलेल्या अंगणात, बायका समोरासमोर रांगा करून गातात, ती. त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घालून मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर विकत आणलं होतं. त्याच्याबरोबर काड्यापेटीएवढा एक लॉक यायचा. तो कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचला तरच सॉफ्टवेअर उघडायचं, नाहीतर गाण्यांच्या जागी नुसती वेड्यावाकड्या खुणांची भुतं दिसायची.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, पारई, मोटारसायकल सगळं पूजतात. बाई पाटावर तो लॉक ठेवायच्या आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेला लायसनचा कागद. कागदाच्या कडेला कुंकवाची बोटं उमटलेली, दर वर्षाचं एक. मला दरवर्षी बोलावणं असायचं. मी मनातल्या मनात हसायचो आणि पातोळ्या खाऊन परत यायचो.

दोन वर्षांपूर्वी त्या पौषातले धालो संपले आणि बाईंचा कॉम्प्युटर कायमचा बसला. त्यांनी लॅपटॉप घेतला. त्या नव्या लॅपटॉपवर जुनं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून मी लॅपटॉपच्या पोटात जुनी सिस्टीम बसवली, म्हणजे एका खिडकीत अख्खा जुना कॉम्प्युटर. काम झकास झालं. पण लॉक खोचायला लॅपटॉपला जागाच नव्हती. कंपनीला फोन करून विचारता आलं असतं. मी आळस केला, आणि लॉक तोडलेली चोरटी प्रत कपाटात होती ती घातली. पाच मिनिटांचं काम.

मग लक्षात आलं की बाईंचा खरा लॉक जुन्या कॉम्प्युटरच्या मागेच राहिला होता, आणि तो डबा मी भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ड्रॉवर धुंडाळला. जवळची खाण बंद झाल्यावर तिथल्या ऑफिसच्या मशिनी माझ्याकडे आल्या होत्या, त्यांतला तसाच दिसणारा, कुठल्यातरी दुसऱ्या सॉफ्टवेअरचा एक लॉक सापडला. तो फडक्यानं पुसला आणि बाईंच्या हातावर ठेवला. "तुमचोच, बाई. लॅपटॉपाक तो लागना, पण जपून दवरा." बाईंनी तो पदराच्या टोकानं पुन्हा एकदा पुसला आणि कपाटात ठेवला.

इथवर माझं निभावलं असतं. पण बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. "लायसन एका मशिनीचें. मशीन बदल्ली, तर विचारूंक नाका?" असं मला वर समजावलंही. मी मान डोलावली. लायसनच्या कागदावर लॉकचा नंबर नव्हता, म्हणून पत्रात त्यांनी लॉकवरचाच, भिंग लावून वाचलेला नंबर घातला होता. महिन्याभरानं उत्तर आलं की या नंबराचा लॉक आमचा नाही, तुमच्याकडची प्रत बनावट असावी.

बाई ते पत्र घेऊन दुकानात आल्या. मला वाटलं, आता पकडला गेलो. पण त्या म्हणाल्या, "माका त्या दुकानदारान फसयलें रे. इतकीं वर्सां हांव चोरयेचें वापरतालें." ज्याच्याकडून त्यांनी ते विकत घेतलं होतं, तो बिचारा केव्हाच धंदा बंद करून गेला होता. मी म्हटलं, "आसूं दी, बाई. कोण विचारता?" तेवढं एकच वाक्य मला सुचलं, आणि ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

बाईंनी लॅपटॉप बंद करून त्यावर कापड घातलं. गाणी सांगायला बायका यायच्या, त्यांना त्या 'मागीर पळोवया', नंतर बघू, म्हणून परत पाठवू लागल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी पावसाळ्यात वारली. तिची बरीच गाणी उतरवायची राहिली होती. ती गाणी गेली त्यात माझा हात आहे. कोणी तसं म्हणत नाही, पण आहे.

खंडेनवमीला मला बोलावणं आलं. पाटावर विळी होती, कात्री होती, शाईचं जुनं पेन होतं. लॉक नव्हता, कागदही नव्हता. बाईंनी नेहमीसारखं मला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि मला ते सोसवेना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भंगार, ड्रॉवर, खाणीचा लॉक, चोरटी प्रत, सगळं.

मला वाटलं होतं, बाई ओरडतील, आणि खरं सांगायचं तर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आमचो लॉक खरो आसलो?"

"खरो आसलो, बाई."

त्या आत गेल्या, कागद शोधून आणला, पाटावर ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. मग मला एक कोरा कागद आणि ते पूजेतलं पेन दिलं. "आतां तूं पत्र बरय कंपनीक. जें जालें तें सगळें." मी खाली बसून लिहिलं, तिसरीतल्यासारखं. बाईंनी वाचून बघितलं आणि सोबत लायसनची झेरॉक्स जोडली.

कंपनीनं मान्य केलं. लॅपटॉपला चालेल असा नवा लॉक आला. मी चोरटी प्रत काढून सगळं नीट बसवलं आणि लॉक बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटा केला, भिंग आणलं आणि पोटावरचा एकेक आकडा कंपनीच्या पत्राशी ताडून पाहिला. रागानं नव्हे. शाळेत गणित तपासायच्या तसं, बोट ठेवून. मग म्हणाल्या, "बरोबर आसा. च्या घे."

आता गाणी परत टाइप होतात. मीही जातो, प्रिंटरची शाई नेतो, कधी माउस बदलतो. बाई आजही माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. फक्त मी दिलेली प्रत्येक वस्तू त्या एकदा उलटून बघतात. हल्ली मीच ती नंबराची बाजू वर करून देतो.