मोराचं सरबत

होटगी रस्त्यावरचं ते हॉटेल आता पाडलंय. तिथल्या बागेत आम्ही नवरा-बायको अधूनमधून जायचो. कोपऱ्यातल्या बारमध्ये पन्नाशीचा एक माणूस होता. त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. तो डाळिंबाचे दाणे ग्लासात चुरायचा, मध घालायचा, पुदिन्याची पानं तळव्यांत टाळीसारखी दाबून सोडायचा आणि मग जिन ओतायचा. शेवटी काठावर लिंबाच्या सालीचा इवलासा मोर बसवायचा.

"आई करमाळ्याकडं असती," तो एकदा म्हणाला. "तिला सांगितलंय, हाटेलात सरबत करतो. खोटं न्हाय की. जिन तेवढी सांगायची ऱ्हायली."

एका संध्याकाळी आई खरंच आली, घरच्या मधाची बाटली घेऊन. तो गडबडला. पण तिला आमच्या शेजारच्या टेबलाशी बसवून त्यानं तेच पेय जिनशिवाय केलं, मोरासकट. ती सावकाश प्यायली.

"लई ग्वाड झालंय," ती म्हणाली. मग पलीकडच्या टेबलावरच्या खिदळणाऱ्या मंडळींकडं बघत तिनं हळूच विचारलं, "पर एवढ्यानं त्यांस्नी चढतंय कसं?"

त्यानं मान खाली घातली. "त्यांच्या सरबतात दारू असती, आई."

"ठावं हाय मला. गावात सांगत्यात की." तिनं त्याचे ओले हात पदरानं पुसले. "तू पितोस?"

"न्हाय."

"मग एवढी वर्सं भ्यालास कशाला?"

तो तिच्याशेजारी खुर्चीत बसून राहिला. आमचे ग्लास रिकामे होते, पण त्याला हाक मारावी असं कुणालाच वाटलं नाही.