शेपटीतली पोती

क्रेनने हार उचलला, सगळे वर बघायला लागले, आणि माझी नजर नेमकी विमानाच्या शेपटीकडे गेली. शेपटी जिथे मागच्या खांबावर टेकते तिथे नव्या रंगाला चीर पडली होती.

उमापूरच्या अलीकडे एका शाळेच्या पटांगणात हे जुनं मिग उभं आहे. लढाऊ जेट, आता माझ्यासारखंच निवृत्त. ही विमानं हवाईदलात आली त्याचा वर्धापनदिन शाळेने धरला होता. त्यांच्यावरच नोकरी काढलेला माणूस म्हणून भाषणाला मला बीडहून बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी साहेब येणार होते. मी एअरफ्रेम फिटर. म्हणजे इंजिन सोडून विमानाचं जे अंग असतं, पत्रा, सांधे, बोल्ट, ते सांभाळणारा. हुद्दा सार्जंटचा, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. मी आता कुणाला दुरुस्त करत नाही.

मला खुर्चीत बसवेना. विमान दिसलं की भोवती फेरी मारल्याशिवाय चैन पडत नाही, ही जुनी खोड. त्या फेरीत चीर दिसली. नख घातलं तर आत गेलं. आमच्या कामात बोल्ट आवळला की त्याच्यावरून रंगाची रेघ ओढतात. रेघ तुटली की समजायचं, सांधा हललाय. इथला रंग तर कालचाच होता. म्हणजे विमान कालपासून हललं होतं.

पेंटर रफिकभाई शिडी आवरत होते.

"रफिकभाई, शेपटीत आत काय होतं?"

"कबुतराची घाण. अन् वाळूची पोती. बापू म्हणले समदं साफ करा, पाव्हणे वाकून बगत्यात."

"पोती कुठे आहेत?"

त्यांनी मंडपाकडे बोट केलं. मंडपाच्या दोऱ्या ज्या पोत्यांना बांधल्या होत्या, ती हीच.

असं विमान शोभेला ठेवताना त्याचं इंजिन काढून घेतात. इंजिन मागच्या बाजूला असतं. ते गेलं की शेपटी हलकी, नाक जड, मुलांच्या सी-सॉसारखं. म्हणून शेपटीत वजन भरतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. आता ते निघाल्यामुळे शेपटी मागच्या खांबावरून सुटत होती आणि सगळा ताण पोटाखालच्या खांबाच्या बोल्टांवर आला होता. त्यात नाकावर हार चढणार. आपल्या जिल्ह्यात हार क्रेनने आल्याशिवाय सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. झेंडूचा हार, माणसाच्या कमरेएवढा जाड, आणि उन्हात कोमेजू नये म्हणून सकाळपासून त्याच्यावर पाणी मारलेलं. नाकाखाली तेवढीच सावली होती. त्या सावलीत पहिलीची पोरं कागदाची विमानं घेऊन बसलेली.

मी धावतच संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. हेच ते बापू.

"बापू, हार थांबवा."

"कावून?"

"विमानाचा तोल गेलाय. नाकावर वजन नको."

"मेजर, इतकी वरसं हितंच उभं हाय. आजच पडंल व्हय?"

"इतकी वर्षं शेपटीत पोती होती."

"अहो, हार घालायचा अन् क्रेन बाजूला घ्यायची. फोटोत क्रेन नगं. साहेबांचा ताफा गेवराईत आलाय, टाइम न्हाई."

माझा पारा चढला. "मग असं करा. पोरांना उठवा, त्यांच्या जागी तुम्ही बसा, आणि घाला हार."

बापूंनी विमानाच्या नाकाकडे पाहिलं. मग पोरांकडे. बसले मात्र नाहीत.

मुख्याध्यापिका गायकवाड मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बापूंच्या होकाराची वाट पाहिली नाही. "चला रे, समदे लिंबाखाली चला," म्हणत त्यांनी पोरं उठवली. शेवटचं पोर सावलीतून बाहेर पडल्यावरच मी क्रेनकडे वळलो.

हार खाली उतरवला. त्याच क्रेनचा पट्टा विमानाच्या नाकाखालून घेतला. ऑपरेटरला बजावलं, "उचलायचं नाही, फक्त धरून ठेवायचं." मंडपाची पोती सोडवताना बापूंना म्हणालो, "दोऱ्यांना दुसरं काहीतरी वजन बांधा." ते म्हणाले, "बगू." मी इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर मेडल लावलेला, शेपटीच्या भोकातून आत सरपटलो. रफिकभाई बाहेरून पोती सरकवत होते, मी आत रचत होतो. माझ्या वजनानेही पत्रा कुरकुरत होता. बाहेर बँडवाले सुरू झाले, म्हणजे साहेब आले. शेवटचं पोतं ठेवून बाहेर आलो आणि सगळ्यात आधी चिरेत नख घालून पाहिलं. जात नव्हतं.

क्रेनचा पट्टा सोडवला. हार साहेबांना घातला, क्रेननेच. फोटो झकास आला. माझ्या भाषणाच्या वेळी वाऱ्याची मोठी वावटळ आली आणि रिकाम्या दोऱ्यांसकट मंडप उडाला. कुणाला लागलं नाही. साहेबांचा फेटा तेवढा गावाकडे गेला.

"मेजर, तुमच्यापायी मंडप गेला बगा," बापू म्हणाले.

"विमान जागेवर आहे," मी म्हणालो. त्यांना ते काही फारसं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी बोल्ट बदलून घेतले. जुन्यांपैकी एक हातात घेतला तर चक्क वाकलेला होता. तो बापूंच्या टेबलावर ठेवून आलो. पेपरवेट म्हणून वापरतात म्हणे.

जुन्या वस्तूतलं काही काढून टाकण्याआधी, ते तिथे कशासाठी ठेवलंय एवढं विचारावं. विचारायचं नसेल, तर निदान खाली पोरं बसवू नयेत.