कातोवित्सेचा रविवार

कतारमधल्या दुखानला रस्त्याने पायी चाललेली बाई दिसली, की ओळखीचा माणूस गाडी थांबवून हमखास विचारतो, "गाडी बंद पडली का?" तेल कंपनीच्या या वसाहतीत आम्ही एकोणीस वर्षं राहतोय. क्लबला गाडी, भाजीला गाडी, दोन गल्ल्या सोडून हळदीकुंकू असलं तरी गाडी. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, तेव्हापासून माझा पासपोर्ट यांच्या निळ्या फाइलमध्ये असतो. विमानतळावर काउंटर आलं की हे तो माझ्या हातात देतात, काउंटर संपलं की हात पुढे करतात आणि मी मुकाट परत देते. त्यात दुष्टपणा काही नाही. इकडच्या बऱ्याच घरांत हीच रीत आहे.

त्या वर्षी मे महिन्यात दोघांनी पोलंडमधल्या कातोवित्सेला जायचं ठरलं होतं. शहर मी शोधलं. एक तर तिकडचं सगळं स्वस्तात बसत होतं, आणि दुसरं म्हणजे, खरं सांगते, वसाहतीतली एकही बाई तिथे गेलेली नव्हती. पॅरिस-स्वित्झर्लंडचे फोटो बघून बघून मी कंटाळले होते. दोह्यात, द पर्लसारख्या उच्चभ्रू वस्तीत राहणाऱ्या मैत्रिणीला नाव सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तिथे बघायचं काय?" मी म्हटलं, "तेच तर बघायला चाललेय."

निघायला आठ दिवस असताना यांच्या प्लँटचं दुरुस्तीसाठीचं, पुढे ढकललेलं शटडाउन नेमकं त्याच आठवड्यात आलं. रजा खलास. "कॅन्सल करून टाकू," हे म्हणाले.

"मी जाते," मी म्हटलं.

मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, बी सीरियस. तू नेव्हर इव्हन बसमध्ये एकटी बसलीयस," ती म्हणाली. चिडल्यावर तिचं असं अर्धं-अर्धं होतं. ते खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. हे समजुतीने म्हणाले, "जाऊ दे तिला. अडलं तर फोन कर मला. करशीलच तू."

त्या "करशीलच"ने माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, खुशालीचा फोन करायचा, अडलं म्हणून एकही नाही. एकदा जरी केला असता, तरी या घरात मी जन्मभर "करशीलच" राहिले असते.

वॉर्सातून रेल्वेने शनिवारी संध्याकाळी कातोवित्सेला पोचले. होस्टेलमधला बायकांची सहा खाटांची, रेल्वेच्या डब्यासारखी खोली, आणि माझ्या वाट्याला वरची खाट. पन्नाशीला टेकलेली मी शिडीवरून वर चढले, तेव्हा माझं मलाच हसू आलं. स्टेशनजवळचं मोठं सुपरमार्केट येताना उघडं दिसलं होतं, पण पाय इतके दुखत होते की म्हटलं, उद्या रविवार, सकाळी उठून सगळं ताजं आणू.

इथेच घोळ झाला. कतारमध्ये सुट्टी शुक्रवारी. दुपारच्या नमाजापर्यंत दुकानं बंद असतात, म्हणून गुरुवारीच दूध-ब्रेड भरून ठेवणारी मी शहाणी बाई. आणि रविवार म्हणजे शाळेचा डबा, ऑफिस, आठवड्याची सुरुवात. एकोणीस वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलंय की रविवारी दुकान बंद असेल ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही.

सकाळी कापडी पिशवी घेऊन सुपरमार्केटच्या काचेच्या दारापुढे उभी राहिले. आत अंधार. उशिरा उघडत असतील म्हणून तब्बल अर्धा तास थांबले. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी लांबूनच मान हलवली आणि शब्द सुटा सुटा करत इंग्रजीत सांगितलं, "संडे. शॉप नो." ते गेल्यावर रस्त्यात चिटपाखरूही नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते. हॉटेलात खायचं तर मेन्यूवर सगळं मांस, आणि त्यातून शाकाहारी कसं काढायचं ते मला माहीत नव्हतं. फोन हातात घेतला. यांचं नाव सगळ्यात वर होतं. एक बोट लावलं असतं, तर हे शिफ्ट सोडून तिथून माझं जेवण मागवत बसले असते. मला रडूच यायला लागलं. मग स्वतःचाच राग आला. फोन पिशवीत टाकला आणि परत फिरले.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी होती. जाणारे लोक उरलेलं सामान त्यावर ठेवून जातात, ज्याला हवं त्याने घ्यावं. अर्धी बाटली तेल, मीठ, दोन कांदे, सुकायला लागलेलं लिंबू. माझ्या बॅगेत, असू द्यावं म्हणून टाकलेले पोहे आणि मोहरी-हळदीची डबी होतीच. मोहरी तडतडली तशी खोलीतल्या दोन मुली वास काढत आल्या. त्यांनाही वाढलं. उरलेले डब्यात भरले आणि निघाले.

शहराच्या टोकाला कोळसा खाणीच्या कामगारांची जुनी वसाहत आहे, ती बघायची होती. बस होती, पण मला चालायचंच होतं. दीड तास चालले. नकाशा बघून, दोनदा चुकून, सिग्नलला थांबून, झाडांच्या सावलीतून. एकाही माणसाने गाडी थांबवून काही विचारलं नाही.

वसाहत बघितली आणि मी जागीच उभी राहिले. लाल विटांच्या एकसारख्या इमारती, मध्ये चौक, सगळी घरं कंपनीची. आमच्यासारखीच! बाप्ये जमिनीखाली, आणि वरचं सगळं जग बायकांच्या हातात. खिडक्यांच्या चौकटी लालभडक रंगवलेल्या. एक आजीबाई खिडकीत उशी ठेवून त्यावर कोपरं टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं, मी हात केला, त्यांनीही केला. चौकातल्या बाकावर बसून मी डबा उघडला. गार पोहे खाताना अभिमानाने ऊर भरून आला, आणि तो लपवायला आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, हे फार बरं झालं.

संध्याकाळी खुशालीचा फोन केला. सगळं ऐकून हे म्हणाले, "मग मला फोन का नाही केलास?"

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

पलीकडून हसू ऐकू आलं. "खरंय. मीसुद्धा दुकानात रविवारीच गेलो असतो."

पाचव्या दिवशी दोह्याला उतरले. हे न्यायला आले होते. बॅग घेतली, विचारपूस केली, आणि सवयीने हात पुढे केला. मीही सवयीने पर्स उघडली. पासपोर्ट हातात आला. मग तो आतल्या कप्प्यात टाकून मी चेन ओढली.

"राहू दे माझ्याकडे," मी म्हटलं.

यांनी हात मागे घेतला. दुखानपर्यंत गाडी मी चालवली.

गेल्या आठवड्यात कंपनीचा कुठलासा फॉर्म भरताना हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगं, तुझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते?" मी पोळी उलटली आणि तारीख सांगितली.