श्वासाची सवय

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "मामा, अक्का गेली." आईला तोही गावासारखं अक्काच म्हणे. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारत होता, दम्यानंच ना? नाही. माझी थोरली बहीण हृदयविकाराने गेली. दम्यापुढे ती कधी हरली नाही, हे मला अभिमानाने सांगायचं आहे...

कळंबला तिच्या घरची कांद्याची वखार. निवडणी सुरू झाली की पापुद्र्यांची धूळ उडे आणि तिची छाती वाजू लागे. नव्वद सालाच्या सुमारास मंचरच्या डॉक्टरांनी तिला तोंडाने औषध ओढायचा पंप दिला. तेव्हा बायका पंप पदराआड ओढत. अक्का भर बाजारात ओढायची. शेजारचा दत्तूभाऊ, स्वतः दमेकरी, म्हणायचा, "अक्का, सवय लागंल. मी न्हाई घेत." ती म्हणायची, "श्वासाची सवय हाये मला, भाऊ. ती न्हाई मोडायची."

एका उन्हाळ्यात दत्तूच्या खळ्यावर गव्हाची मळणी चालली होती. मीही तिथेच होतो. भुश्शात उभा असलेला दत्तू एकाएकी खाली बसला. दोन शब्दही धड बोलता येईनात, ओठ निळसर पडले. माणसं त्याला आडवं करून पाणी पाजायला निघाली, तोच अक्का धावत आली. "निजवू नका त्याला. बसवा. आन बाजूला व्हा समदी." तिने त्याला धुळीपासून दूर नेलं, गुंड्या सोडल्या, आपला पंप हलवून त्याच्या तोंडाशी धरला. "सावकाश वढ. आता धर. सोड." पुन्हा, पुन्हा... उतार पडेना, तशी तिने मला जीप काढायला लावली. मंचरपर्यंत ती त्याला बसतं धरून होती, मधूनमधून पंप देत. ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." चार दिवसांनी दत्तू घरी आला. स्वतःचा पंप शर्टाच्या वरच्या खिशात होता, सगळ्यांना दिसेल असा.

पुढे कुणाची छाती भरली की आळी आधी अक्काला हाक मारी. आराम पडला की ती विचारायची, "कशानं व्हतंय? धूळ, धूर, थंडी? तुझं तू हुडक."

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. सगळीकडे आधी झाडतात, मग सडा टाकतात. समोरच्या घरच्या सुनेने मात्र आधी पाणी शिंपडलं, धूळ बसू दिली, मग केरसुणी घेतली. पलीकडच्या अंगणातही तेच. मी विचारलं, "तुमच्यात कुणाला दमा आहे का?"

"न्हाई वो मामा," ती म्हणाली. "अक्का जायच्या ना हितून. तवापासून आमी असंच झाडतो."